देवाला आधीच ठाऊक असेल, तर भावासाठी प्रार्थना कशाला करायची?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो ओळखीचा वाटला, वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारतंच: देव सर्वज्ञ आहे, कोणाचं तारण होणार आणि कोणाचं नाही हे त्याला जगाच्या स्थापनेपूर्वीच ठाऊक आहे, मग माझ्या विश्वासाला, पश्चात्तापाला, प्रार्थनेला उरतं काय? दुसऱ्या वाचनात मी शेवटच्या ओळींपाशी अडकलो. तुमचा थोरला भाऊ सहा वर्षांपासून मंडळीत येत नाही. ‘माझा आता विश्वास नाही’ असं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि एका रविवारी उपासना सुटल्यावर दारातच मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी तुम्हाला सांगून टाकलं, ‘तो निवडलेल्यांतला नसणारच. असता तर गेला नसता.’ तेव्हापासून त्याचं नाव घेऊन प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय.

म्हणजे प्रश्न तत्त्वज्ञानाचा दिसतो, पण दुखतंय दुसरीकडे. दोन्हींबद्दल लिहितो. गुंता तसाच ठेवून दुखण्यावर नुसती फुंकर घालणं मला जमत नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. मी पंचवीसेक वर्षं पाळक आहे आणि त्यातली बरीच वर्षं सेवेसाठी तयार होणाऱ्या तरुणांना हा विषय शिकवत आलोय. माझी घडण कॅल्व्हिनच्या परंपरेत झाली, जिथे देवाच्या निवडीवर भर असतो; पुढे मन आर्मिनियस आणि वेस्ली यांच्याकडे झुकलं, जे माणसाच्या होकारालाही जागा ठेवतात; आणि प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय, जो निवडीबद्दल कडक बोलतो, तो शिकवायची वेळ आली की ते झुकलेलं मन पुन्हा थोडं सरळ होतं. तुम्ही कोणत्या मंडळीत वाढलात यावरही काही गोष्टी अवलंबून आहेत. वेस्लीच्या वाटेचा मेथडिस्ट पाळक आणि कॅल्व्हिनच्या वाटेचा प्रेस्बिटेरियन पाळक दोघेही प्रामाणिक असून काही ठिकाणी वेगळं सांगतील, कॅथलिक फादर आणखी तिसरं. पण त्या ज्येष्ठांचं वाक्य यांच्यापैकी कोणाच्याच शिकवणीत बसत नाही. त्याकडे शेवटी येतो.

सुरुवात एका ‘च’पासून करू. ‘देवाला ठाऊक आहे, म्हणजे ते होणारच.’ वाक्य खरं आहे. पण त्यातला ‘च’ कशाला चिकटलाय? समजा, भाऊ पुढच्या वर्षी परत येणार हे देवाला ठाऊक आहे. मग तो येणारच, कारण देवाचं ज्ञान खोटं ठरत नाही. हा ‘च’ ज्ञान आणि घटना यांच्या जोडणीवर बसलाय: एक असेल तर दुसरं असणारच. भावाच्या पायांत तो साखळी घालत नाही. भाऊ येणार नसता तर देवाला तेही ठाऊक असतं, आणि मग ‘तो येणार नाहीच’ हेही तितकंच खरं ठरलं असतं. ज्ञान घटनेच्या मागे चालतं. ते आधीच्या तारखेचं आहे एवढ्यावरून घटनेला ओढून आणत नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेनने रोमकरांस पत्रावर लिहिताना हेच मांडलंय: देवाला ठाऊक आहे म्हणून एखादी गोष्ट घडत नाही, ती घडणार आहे म्हणून देवाला ठाऊक आहे. वर्गात मी ही गोष्ट फळ्यावर लिहितो आणि ‘च’भोवती गोल काढतो. निम्म्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेल्या निम्म्यांचा सुटत नाही, आणि ते बरोबर असतात. त्यांची तक्रार अशी: काल जे झालं ते आज कोणाला बदलता येत नाही. देवाचं ज्ञान तर कालच्याही आधीचं. मग भाऊ उद्या काय करणार याबद्दलचं ज्ञान ‘झालेल्या’ गोष्टींत जमा आहे, आणि झालेलं बदलायची ताकद भावाकडे नाही. नेल्सन पाइक या तत्त्वज्ञाने 1965 साली हा युक्तिवाद इतक्या नेटकेपणाने मांडला की त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही.

यावरचं सगळ्यांत जुनं भरदार उत्तर बोएथियसचं. हा रोमन विद्वान राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत होता आणि साधारण 524 साली मारला गेला. मरणाची वाट बघत असताना त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या भागात नेमका तुमचाच प्रश्न आहे. त्याचं म्हणणं, आपण ‘पूर्व’ज्ञान म्हणतो तिथेच चुकतो. देवाला आधी-नंतर नाही. आपल्याला जे एकामागून एक मिळतं ते सगळं त्याच्यापुढे एकाच ‘आता’मध्ये आहे. मी कोणाला चालताना पाहतो तेव्हा माझ्या पाहण्यामुळे तो चालत नाही; देवाचं जाणणं हे असं पाहणं आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने यात एक चित्र भरलं: रस्त्याने जाणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभा असलेल्याला सगळी वाट एकदम दिसते.

मला हे उत्तर आवडतं, पण ते पुरतं असं मी म्हणणार नाही. कारण बायबलमधला देव उंचावरून नुसता पाहत नाही. तो खाली येऊन बोलतो. आणि जे ठाऊक आहे ते त्याने एकदा कोणाला सांगितलं, की ते ज्ञान आपल्या काळात, आपल्या ‘काल’मध्ये येऊन पडतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच बघा. येशू त्याला तोंडावर सांगतो की आज कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. पेत्राने ते ऐकलंय, त्याला ते पटलेलं नाही, आणि काही तासांत तो ते करतो. तिथे बोएथियसची युक्ती सहज लागू पडत नाही.

पण लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात त्या भाकिताच्या अगदी लगत काय आहे, ते वाचा. येशू पेत्राला त्याच्या मूळ नावाने म्हणतो, शिमोना, सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. तो पडणार हे ठाऊक आहे. तो वळणार हेही ठाऊक आहे, ‘वळलास तर’ असं येशू म्हणत नाही. आणि तरी त्याने प्रार्थना केली आहे. तुमच्या ज्येष्ठांचा हिशेब लावायचा तर दोन्ही बाजूंनी ती फुकट होती: पडणार हे नक्की, मग कशाला, वळणार हे नक्की, मग तरी कशाला? ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या हिशेबात मात्र ती फुकट नव्हती. या विषयावरचे जाड ग्रंथ मी वाचले, पण भावाबद्दल विचारणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं इतकं थेट मला त्यांत मिळालं नाही.

आता ‘पूर्वज्ञान’ हा शब्द. आपल्या भाषेत ‘माहिती असणं’ आणि ‘ओळख असणं’ यांत फरक आहे. शेजारच्या इमारतीत कोण राहतं याची मला माहिती असते, आईची मला ओळख असते. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ‘जाणणं’ यासाठीचं यादा हे क्रियापद अनेकदा या दुसऱ्या अंगाने जातं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देव इस्राएलला म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी मी फक्त तुम्हालाच ओळखलं. बाकीची कुळं असल्याची खबर त्याला नव्हती असा याचा अर्थ कोणी घेत नाही. यिर्मया संदेष्ट्याला तो सांगतो, तू आईच्या उदरात घडण्यापूर्वी मी तुला ओळखत होतो. पौल यहूदी, याच वळणावर वाढलेला. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो ‘ज्यांना त्याने पूर्वी जाणलं’ म्हणतो तेव्हा कर्म व्यक्ती आहेत. ‘ज्यांचा विश्वास त्याने आधी पाहिला’ असं तिथे लिहिलेलं नाही.

इथूनच दोन वाटा फुटतात. आर्मिनियस म्हणणार, देवाने आधी पाहिलं की हा माणूस कृपेला होकार देईल, आणि त्यावरून त्याला नेमलं. कॅल्व्हिन म्हणणार, देवाने आधी प्रेम ठेवलं, नेमलं, आणि होकार हे त्याचं फळ. आर्मिनियस 1609 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं, आणि 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेने त्याला उत्तर दिलं. ‘कॅल्व्हिनचे पाच मुद्दे’ म्हणून जे आज सांगितलं जातं ते मुळात या पाच कलमांना दिलेलं उत्तर आहे. कॅल्व्हिनला जाऊन तोवर पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. त्याने पाच मुद्दे असे कधी मोजलेच नव्हते. भाषेच्या बाजूने मला आठव्या अध्यायात कॅल्व्हिनचं वाचन जास्त सरळ वाटतं. पेत्राचं पहिलं पत्र तोच शब्द ख्रिस्ताबद्दल वापरतं, जगाच्या स्थापनेपूर्वी जाणलेला असा. तिथे ‘ख्रिस्त काय करील हे देवाने आधी पाहून ठेवलं’ असा अर्थ कोणी लावत नाही. पण तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. ‘सर्व’ या शब्दाला मुरड घालून त्याचा अर्थ ‘सर्व प्रकारची माणसं’ असा करावा लागतो, तेव्हा माझं मन तिथे रमत नाही. म्हणून मी झुकलेला आहे तसा आहे.

मधली एक वाट मोलिना या स्पॅनिश येशूसंघी (जेझुइट) पंडिताने 1588 साली काढली, आणि तिच्यासाठी तो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली कईला गावाची गोष्ट घेतो. दावीद तिथे आहे, त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा मागावर आहे. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन निघून जातो. शौलाला ते कळतं आणि तो यायचं रद्द करतो. म्हणजे देवाने जे सांगितलं त्यातलं काहीच घडलं नाही, तरी ते खोटं नव्हतं: दावीद राहिला असता तर ते घडलं असतं. मोलिना म्हणतो, काय होणार एवढंच देवाला ठाऊक नसतं. कोण कोणत्या परिस्थितीत आपल्या मर्जीने काय करील तेही ठाऊक असतं, आणि त्या ज्ञानाच्या आधारे तो जग चालवतो. डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पंडितांनी यावर झोड उठवली. रोममध्ये 1598 पासून 1607 पर्यंत सुनावण्या चालल्या. शेवटी पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याच बाजूने निकाल न देता दोघांना घरी पाठवलं आणि एकमेकांना पाखंडी ठरवायला मनाई केली. नऊ वर्षं, युरोपातले सगळ्यांत तल्लख पंडित, आणि निकाल नाही. तुमच्या ज्येष्ठांनी उपासना सुटल्यावर दारात उभ्या उभ्या लावला.

अलीकडच्या काळात काहीजण म्हणतात की माणसाचे मोकळे निर्णय भविष्यात अजून अस्तित्वातच नसतात, म्हणून देवालाही ते ठरलेले म्हणून ठाऊक नसतात. मला हे पटत नाही. पेत्राचा कोंबडा त्यांच्या हिशेबात नीट आरवत नाही. पण जे हे मानतात त्यांना देवाचा अपमान करायचा नसतो, त्यांना प्रार्थना वाचवायची असते, इतकं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

प्रार्थना वाचवायला इतकं मोजावं लागत नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस. तो सबंध वाचा, एका बैठकीत. पौल कैदी म्हणून इटलीला चाललाय, युल्य नावाचा शताधिपती, म्हणजे रोमी सैन्याचा अधिकारी, त्याला घेऊन जातोय, वाटेत वादळ. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. पौल उठून सांगतो की देवाच्या दूताने मला सांगितलंय, तारू जाईल पण तुमच्यातला एकही जीव जाणार नाही. यात कुठे ‘जर’ नाही. देवाला ठाऊक आहे, त्याने सांगितलंय, विषय संपला.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखं वाटतं. ते बुडीद, म्हणजे पाण्याची खोली मोजायची दोरी, टाकतात: वीस वाव. थोडं पुढे जाऊन पुन्हा: पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने मागून चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. मग अंधारात ते पुढच्या बाजूनेही नांगर टाकायच्या मिषाने होडी पाण्यात सोडू लागतात. पळायचा बेत आहे. ज्यांना तारू हाकता येतं तेच निघालेत. आणि पौल, ज्याने नुकतंच सांगितलंय की कोणीच मरणार नाही, तो शताधिपतीला म्हणतो: हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात. होडी रिकामीच वाहून जाते.

मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो, पौलाचं पहिलं वाक्य खरं की दुसरं? पहिल्यांदा सगळे गोंधळतात. दोन्ही खरी. सगळे वाचणार हे ठरलेलं होतं, आणि ते दोर कापण्यातूनच ठरलेलं होतं. शेवटाबरोबर वाटही देवाला ठाऊक होती, आणि त्या वाटेत एका शिपायाचा सुरा होता. ‘वाचणारच आहोत, दोर कापून काय होणार’ असं तो शिपाई म्हणाला असता तर त्याला पौलाचं एकही वाक्य समजलं नव्हतं असंच म्हणावं लागलं असतं. उजाडायच्या सुमारास पौलाने सगळ्यांना खायला लावलं, तिथे हे पुस्तक लिहिणारा लूक माणसं मोजून आकडा देतो: 276. मग तारू वाळूत रुतलं, मागची बाजू लाटांनी फुटली. शिपाई कैद्यांना मारून टाकणार होते, पण युल्याने पौलासाठी त्यांना आवरलं. पोहता येणारे पोहून, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर, असे सगळे किनाऱ्याला लागले. ‘वाचणं’ यासाठी पौल तिथे जे ग्रीक क्रियापद वापरतो, सोझो, तेच नव्या करारात तारणासाठी येतं. ते लूकने मुद्दाम केलंय की आपसूक झालंय, यावर मी जोर देणार नाही. पण मला ते दिसतं.

तर तुमची प्रार्थना ही त्या शिपायाचा सुरा आहे असं समजा. भावाबद्दल देवाला जे ठाऊक आहे, त्यात तुम्ही काल रात्री प्रार्थना केली की गप्प बसलात हेही आहे. शेवट ठाऊक असलेल्या देवाला मधली पानं कोरी ठेवून तो ठाऊक नाही.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फसवतोय असं होईल. तुम्ही मधेच एक ओळ लिहिलीय: ‘जो नाश पावणार हे ठाऊक होतं, त्याला देवाने निर्माणच का केलं?’ इथे कुठल्याच पंथाकडे शेवटचं उत्तर नाही. कॅल्व्हिन याबाबत निदान आडपडदा ठेवत नाही. कोणाचं तारण आणि कोणाचा नाश हे ठरवणाऱ्या देवाच्या ठरावाला त्याने लॅटिनमध्ये ‘होरिबिले’, म्हणजे थरकाप उडवणारा, म्हटलंय. आर्मिनियसचे लोक म्हणतात की माणसाचं स्वातंत्र्य हे कारण आहे, आणि मीही तेच म्हणतो, पण त्याने अर्धंच काम होतं. ते स्वातंत्र्य कुठे नेणार हे ठाऊक असूनही देवाने ते दिलंच ना? मोलिनाच्या वाटेने गेलात तर प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण वेगळ्या परिस्थितीत त्या माणसाने काय केलं असतं हेही देवाला ठाऊक होतं. मी इथे एकच करतो: जे ठाऊक नाही त्याच्या आधाराने, जे दाखवलं गेलंय ते खोडत नाही. यरुशलेमचा नाश होणार हे येशूला ठाऊक होतं, त्याने ते तपशिलात सांगितलं, आणि सांगताना तो रडला. ठाऊक होतं म्हणून डोळे कोरडे राहिले नाहीत. देवाच्या मनात काय आहे हे मला एखाद्या न पाहिलेल्या यादीपेक्षा त्या रडण्यावरून जास्त कळतं.

यादीवरून आठवलं. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजारी बाईंनी मला विचारलं होतं, ‘पाळकसाहेब, मी त्यातली आहे का?’ मी उत्साहात होतो. जवळच्या एका कागदाच्या पाठीमागे मी रोमकरांस आठची साखळी काढली: पूर्वज्ञान, नेमणूक, पाचारण, नीतिमान ठरवणं, गौरव. मधे बाण. एकही कडी तुटत नाही हे समजावलं. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘यात माझं नाव कुठे लिहायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रार्थना करून निघून आलो. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा मी कागदाचा विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

उत्तर मला पुढे मिळालं, आणि गंमत म्हणजे ते कॅल्व्हिनकडेच मिळालं. तो म्हणतो, आपली निवड झाली आहे का हे आपल्या आत खोदून पाहू नका, आणि देवाच्या गुप्त ठरावात शिरूनही नाही. ख्रिस्त हा आरसा आहे, त्याच्यात पाहा. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातही निवड ‘ख्रिस्तामध्ये’ झाली असंच पुन्हा पुन्हा येतं. त्या बाईंना विचारायला हवं होतं, ‘तुम्हाला तो हवा आहे का?’ त्यांना हवा होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. पूर्वनियुक्तीची वचनं सगळी अशा माणसांना लिहिलेली आहेत: ज्यांनी आधीच ख्रिस्ताला धरलंय आणि छळात हात सुटेल की काय या भीतीत आहेत. त्यांना सांगायला, की तुमची पकड ढिली झाली तरी त्याची आहे. अजून न आलेल्याला किंवा निघून गेलेल्याला बाहेर ठेवण्यासाठी पौलाने ती वचनं वापरल्याचं मला एकही ठिकाण सापडलेलं नाही. नवव्या अध्यायात निवडीबद्दल इतकं कडक लिहिणारा हाच पौल दहाव्याच्या पहिल्याच ओळीत काय म्हणतो? इस्राएलांचं तारण व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे. दोन ओळींमध्ये श्वाससुद्धा घेत नाही तो.

आता त्या ज्येष्ठांकडे. त्यांच्या मनात बहुधा योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन असावं, ते आपल्यातून निघाले पण आपले नव्हते, असं. ते वचन ख्रिस्ताला नाकारणारं शिक्षण पसरवणाऱ्या खोट्या शिक्षकांबद्दल आहे, आणि प्रेषिताने लिहिलेलं आहे. सहा वर्षं मंडळीत न आलेल्या माणसाच्या दारावर चिकटवायची ती पाटी नाही. कॅल्व्हिनचा दाखला त्यांना हवा असेल तर तोही त्यांच्या विरुद्धच जातो. प्राचीन मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टीन याचा आधार घेऊन कॅल्व्हिन लिहितो की नेमलेल्यांच्या संख्येत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला कळत नाही, म्हणून सगळ्यांचं तारण व्हावं अशीच आपली इच्छा असायला हवी. डॉर्टच्या धर्मसभेनेही सुवार्ता भेदभाव न करता सगळ्यांना सांगायची असंच ठरवलं. म्हणजे कट्टर कॅल्व्हिनवादीसुद्धा तुमच्या भावाबद्दल एवढंच म्हणू शकतो: अजून कळलेलं नाही. वेस्लीचा माणूस म्हणेल: देवाची कृपा त्याला अजून बोलावतेय. कॅथलिक फादर म्हणतील: मरेपर्यंत कोणाचाही निकाल लावू नका. वाद घालायला या तिघांना आयुष्य पुरणार नाही, पण ‘प्रार्थना थांबव’ असं तिघांपैकी एकही सांगणार नाही. त्या ज्येष्ठांशी भांडू नका. पण पुढच्या वेळी ते म्हणाले तर शांतपणे विचारा, ‘तुम्हाला यादी कधी दाखवली?’

प्रार्थनेत शब्द फुटत नसतील तर लांबलचक करू नका. भावाचं नाव घ्या आणि येशूने पेत्रासाठी केली तीच विनंती करा. ती तयार आहे, नवी शोधायची गरज नाही. भाऊ भेटला तर निवड, पूर्वज्ञान, यातलं काही काढू नका, आणि मी लिहिलेलं हे त्याला वाचायलाही देऊ नका. विश्वास सोडलेल्या माणसाला आपल्याबद्दल एखादा सिद्धान्त तयार आहे हे लगेच जाणवतं.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज म्हणून लिहिलंय की तो दर नाताळला आईला फोन करतो आणि यंदा उपासनेत कोणती गीतं म्हटली ते विचारतो. तत्त्वज्ञान राहू द्या. त्या फोनबद्दल जरा सविस्तर लिहा, तो आणखी काय विचारतो?